राउटरवरून सतत तुटणारा नेटवर्क बॅकअप ड्राइव्ह: काही महिन्यांच्या वापरानंतर

गेल्या पावसाळ्याच्या तोंडावर घेतलेला हा एका डिस्कचा, ४ टीबी क्षमतेचा नेटवर्क ड्राइव्ह (राउटरला जोडून घरातल्या सगळ्या उपकरणांना वापरता येणारी डिस्क) घरातील लॅपटॉप आणि मोबाइल यांच्या बॅकअपसाठी आजही वापरात आहे, त्यामुळे त्याविषयी आता ठामपणे लिहिता येते. ड्राइव्ह चांगला आहे. सुरुवातीला मात्र तो राउटरवरून इतक्या वेळा गायब होत असे की परत करण्याचाच विचार पक्का होत आला होता. ग्राहक सेवेकडून दर वेळी फॅक्टरी रिसेट करण्याचा सल्ला मिळाला. त्याने काहीही फरक पडला नाही, आणि पडण्याचे कारणही नव्हते, कारण दोष ड्राइव्हच्या बाहेर होता.

ड्राइव्ह नेमका केव्हा तुटतो हे पाहू लागल्यावर लक्षात आले की मोठी कॉपी चालू असताना तुटणे आणि वीज जाऊन आल्यावर न दिसणे या दोन अगदी वेगळ्या तक्रारी आहेत. पहिलीचे मूळ केबलमध्ये सापडले. फायबर बसवणाऱ्याने जागेवर क्रिंप केलेली, म्हणजे हातानेच टोके दाबून बसवलेली केबल मी ड्राइव्हला लावली होती आणि तिच्या एका टोकाची प्लास्टिकची खिटी मोडलेली होती. गिगाबिट, म्हणजे १००० एमबीपीएसच्या जोडणीला केबलमधल्या आठही तारा लागतात, १०० एमबीपीएसला चार पुरतात. एखादी तार नीट बसली नसेल तर जोडणी तुटून कमी वेगावर पुन्हा जुळते आणि तेवढ्या काही सेकंदांत चालू बॅकअप कोसळतो. कॉपीचा वेग सेकंदाला ११-१२ एमबीच्या पुढे जात नसेल, तर जोडणी १०० एमबीपीएसवरच अडकली आहे असे समजून आधी केबल बदलावी आणि पोर्टही तपासावा, कारण फायबर कंपन्या देतात त्या काही राउटरांवर एकच पोर्ट गिगाबिटचा असतो. कारखान्यातून तयार होऊन आलेली कॅट ६ केबल लावल्यापासून ही तक्रार पुन्हा उद्भवलेली नाही.

विजेच्या तक्रारीने अधिक वेळ खाल्ला. वीज परत आली की ड्राइव्ह आणि राउटर एकदमच सुरू होतात. राउटरला पूर्ण उभे राहायला दोन-तीन मिनिटे लागतात, तोवर ड्राइव्ह त्याच्याकडे आयपी पत्ता (नेटवर्कवरचा आपला क्रमांक) मागून थकतो आणि स्वतःच १६९.२५४ ने सुरू होणारा, घरच्या नेटवर्कशी न जुळणारा पत्ता घेऊन बसतो. वास्तविक त्याने नंतर पुन्हा विचारणा करायला हवी, पण या ड्राइव्हचे फर्मवेअर, म्हणजे आतले सॉफ्टवेअर, त्या बाबतीत आळशी आहे. मग त्याच्यावर हिरवा दिवा शांतपणे जळत राहतो आणि लॅपटॉपला मात्र तो कुठेच दिसत नाही. राउटरमध्ये ड्राइव्हच्या मॅक पत्त्यासाठी (उपकरणाच्या स्वतःच्या ओळख क्रमांकासाठी) आयपी राखून ठेवणे हा नेहमीचा उपाय आहे. मात्र राउटरच जागा नसेल तेव्हा राखून ठेवलेला पत्ता देणार कोण? म्हणून राउटर १९२.१६८.१.१०० पासून पुढचे पत्ते वाटतो हे पाहून, त्या टप्प्याबाहेरचा १९२.१६८.१.२० हा पत्ता ड्राइव्हच्याच सेटिंगमध्ये कायमचा भरला. टप्प्याच्या आतला पत्ता भरला असता, तर राउटरने तोच उद्या एखाद्या मोबाइलला दिला असता आणि नवा घोळ झाला असता.

इन्व्हर्टर असूनही राउटर का रीस्टार्ट होतो, हा प्रश्न उरला होता. इन्व्हर्टरच्या मागचे बटण साध्या मोडवर होते. ते बॅटरीवर झटकन जाणाऱ्या यूपीएस मोडवर आणल्यावर वीज जाता-येताना राउटर बंद पडणे थांबले. ज्यांच्याकडे इन्व्हर्टर नाही त्यांनी राउटरसाठी १२ व्होल्टचा छोटा यूपीएस जरूर घ्यावा, पण ड्राइव्हच्या अडॅप्टरचे अँपिअर त्याला झेपतात का हे पाहिल्याशिवाय दोन्ही त्याच्यावर टाकू नयेत.

काही वेळ वापर नसला की डिस्क झोपते आणि फोल्डर उघडताना आठ-दहा सेकंद जातात, याला तुटणे म्हणता येणार नाही. तरीही बॅकअपच्या वेळेपुरती ती झोप मी बंद ठेवली आहे. डिस्क एकच असल्यामुळे महत्त्वाच्या फोटोंची दुसरी प्रत वेगळ्या यूएसबी डिस्कवर ठेवतो. त्याला पर्याय नाही.

मोबाइल अॅपबद्दलची नाराजी मात्र कायम आहे. घरच्या वायफायवर असतानाही ते कंपनीच्या सर्व्हरमार्गे ड्राइव्ह शोधते, त्यामुळे इंटरनेट बंद पडले की हाताच्या अंतरावरचा ड्राइव्ह त्याला ऑफलाइन दिसतो, आणि त्याच क्षणी लॅपटॉपवर आयपी पत्ता टाकला की सगळी फोल्डरे उघडतात. पुढच्या फर्मवेअरमध्ये हे सुधारले नाही, तर मोबाइलचे फोटो मी लॅपटॉपवरूनच चढवीन.