बनावट बाउन्स मेल आणि स्पॅमअसॅसिनचे व्हीबाउन्स प्लगइन : काही महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतील एका टॉवेल निर्यात करणाऱ्या कारखान्याचा मेल सर्व्हर मी सांभाळतो. मेलची ने-आण करणारे पोस्टफिक्स, आलेला मेल वापरकर्त्यांना वाचायला देणारे डोव्हकॉट आणि नियमांनुसार गुण देऊन स्पॅम ओळखणारे स्पॅमअसॅसिन अशी आमची मांडणी आहे. कोणीतरी आमच्या डोमेनचा पत्ता प्रेषक म्हणून घालून स्पॅम पाठवू लागले आणि तो ज्यांना पोहोचला नाही त्यांच्या सर्व्हरची 'मेल पोहोचला नाही' अशी परतीची उत्तरे, म्हणजे बाउन्स, आमच्या निर्यात विभागाकडे येऊन पडू लागली, तेव्हापासून मी स्पॅमअसॅसिनला जोडायचे व्हीबाउन्स वापरत आहे.

बाउन्सला पुन्हा बाउन्स जाऊन चक्र सुरू होऊ नये, म्हणून अशा मेलमध्ये प्रेषकाची जागा रिकामी ठेवली जाते. त्यावरून रिकाम्या प्रेषकाचा प्रत्येक मेल नाकारण्याचा सल्ला सर्रास दिला जातो. तो मुळीच मानू नये. परदेशी खरेदीदाराच्या पत्त्यातले एक अक्षर चुकले, तर प्रोफॉर्मा इन्व्हॉइस पोहोचले नाही, हे कळवणारा निरोप याच वाटेने येतो.

व्हीबाउन्स नेमका हा फरक करते. बाउन्ससोबत परत आलेल्या मूळ मेलच्या 'रिसीव्ड' ओळींत (मेल कोणत्या सर्व्हरवरून गेला त्याच्या नोंदींत) आपल्या सर्व्हरचे नाव असेल, तर तो मेल आपणच पाठवलेला होता असे ते मानते. त्यासाठी आपला मेल ज्या ज्या सर्व्हरवरून बाहेर जातो त्यांची नावे 'वेलकमलिस्ट_बाउन्स_रिलेज' या सेटिंगमध्ये द्यावी लागतात (४.० पूर्वीच्या आवृत्त्यांत 'व्हाइटलिस्ट_बाउन्स_रिलेज'). हे काम घाईने उरकण्यासारखे नाही. आमच्याकडे बिलिंगचे सॉफ्टवेअर वेगळ्या रिलेवरून, म्हणजे मेल पुढे नेणाऱ्या दुसऱ्या सर्व्हरवरून, मेल पाठवते. ते नाव यादीत नसते, तर थकबाकीच्या स्मरणपत्रांचे खरे बाउन्सही बनावट ठरले असते.

व्हीबाउन्सच्या नियमांचे स्पॅमअसॅसिनमधील मूळ गुण जेमतेम ०.१ आहेत, त्यामुळे प्लगइन केवळ खूण करते, मेल अडवत नाही. मला ही रचना योग्य वाटते. मेलच्या वरच्या माहितीतील 'एक्स-स्पॅम-स्टेटस' या ओळीत (हेडरमध्ये) 'एनी_बाउन्स_मेसेज' ही खूण दिसली की सीव्हचा (मेल फोल्डरांत लावणाऱ्या भाषेचा) नियम तो मेल 'बाउन्स' नावाच्या फोल्डरमध्ये टाकतो. गुण वाढवून असे मेल थेट नष्ट करणे धोक्याचे आहे, कारण काही सर्व्हर मूळ हेडर न जोडता नुसता मजकूर परत पाठवतात आणि तिथे खऱ्याखोट्याची पारख करायला काहीच उरत नाही. म्हणून तो फोल्डर रोज संध्याकाळी डिस्पॅचचे लोक नजरेखालून घालतात.

आपल्या डोमेनच्या नावाने आलेला मेल खरा आहे का, हे इतरांना तपासू देणाऱ्या एसपीएफ आणि डीमार्क या सोयी आम्ही लावल्या आहेत. पण त्या तपासणारे सर्व्हरच बनावट मेल दारात रोखतात, बाकीच्यांकडून बाउन्स येतच राहतात. बाउन्स खरा आहे का हे पत्त्यावरूनच ओळखण्याच्या बीएटीव्ही या पद्धतीचाही विचार केला होता. त्यात प्रेषकाच्या पत्त्याला सही जोडली जाते आणि ती काळानुसार बदलते, त्यामुळे ठरावीक पत्त्यालाच परवानगी देणाऱ्या खरेदीदारांकडे आपले मेल अडकू शकतात. आमच्या व्यवसायात ते परवडणारे नाही.

याच जोडीने पोस्टफिक्समध्ये अस्तित्वात नसलेल्या पत्त्यांचा मेल आत न घेता जोडणी चालू असतानाच ५५० क्रमांकाने नाकारला जातो ना, हेही तपासून घेतले, म्हणजे आमच्या सर्व्हरकडून दुसऱ्या कोणाला हाच त्रास होत नाही.