इन्सुलिनचं कूलिंग पाऊच आणि दंडावरचा सेन्सर: थोरोंग ला आणि नाशिकचा उन्हाळा, आठ महिन्यांचा अनुभव

मला टाईप वन डायबेटिस आहे, अकरा वर्षं झाली. गेल्या सप्टेंबरमध्ये हे पाऊच घेतलं ते फक्त नेपाळच्या अन्नपूर्णा सर्किट ट्रेकसाठी, थोरोंग ला ही त्याच वाटेवरची उंच खिंड. आता मे चालू आहे, नाशिकमध्ये चाळीसच्या आसपास ऊन आहे आणि पाऊच रोज वापरात आहे, म्हणून आता लिहिते. घ्यायच्या आधी मी खूप शोधलं, पण डोंगरात इन्सुलिन घेऊन गेलेल्या कुणाचं मराठीत काही सापडलं नाही. जो कुणी जाणार असेल त्याला हे आधी कळायला हवं असं मनापासून वाटतं.

पाऊच म्हणजे आपला माठच. आतल्या कापडात दाणे असतात, ते पाच-दहा मिनिटं पाण्यात बुडवले की फुगून जेल होतं, मग पाणी हळूहळू उडत राहतं आणि आतली इन्सुलिनची पेनं गार राहतात. बर्फ नको, वीज नको. दोन पेनं मावतात. पहिल्या वेळी मी अर्धा तास भिजवून ठेवलं तर ते इतकं टम्म फुगलं की पेन आत जाईना, तेव्हा घड्याळ लावून भिजवा. फ्रीजसारखं थंड होत नाही हे पण लक्षात घ्या. न उघडलेलं इन्सुलिन २ ते ८ डिग्रीत ठेवायचं असतं, पण चालू पेन माझ्या कागदावर ३० डिग्रीच्या आत २८ दिवस चालतं असं लिहिलंय, आणि पाऊच त्या चालू पेनासाठी आहे.

काठमांडू ते बेसीसहर बस, पुढे चामेपर्यंत जीप. बेसीसहर जेमतेम ७६० मीटरवर, ऑक्टोबरमध्येही दमट आणि गरम, बसमध्ये तर भट्टीच होती. तिथे पाऊच बरं चाललं, पण हवा दमट असली की पाणी कमी उडतं त्यामुळे गारवा कमी, हे मुंबईला बहिणीकडे गेल्यावर परत जाणवलं. नाशिकच्या कोरड्या उन्हात ते सगळ्यात छान चालतं.

पण वर गेल्यावर सगळं उलटं होतं आणि हे मला कुणीच सांगितलं नव्हतं. मनांग साधारण साडेतीन हजार मीटरवर आहे, तिथून पुढे उन्हाचा प्रश्नच उरत नाही, धोका थंडीचा. इन्सुलिन एकदा गोठलं की वितळल्यावर दिसायला तसंच दिसू शकतं पण वापरायचं नसतं, सरळ फेकायचं. याक खर्काला, म्हणजे चार हजारच्या वर, मी थकून सॅक तशीच कोपऱ्यात ठेवून झोपले, पाऊच आत आणि अजून ओलसर. सकाळी बघते तर जेलच्या कडा कडक झालेल्या. आतलं पेन गोठलं होतं का? खात्रीने सांगता येईना, आणि जिथे खात्री नाही तिथे मी ते टोचणार नाही, म्हणून फेकलं. त्या क्षणी पोटात खड्डा पडला होता. अर्धा साठा आमच्या गाईड दाईंच्या (नेपाळीत दाई म्हणजे मोठा भाऊ) छातीशी, आतल्या खिशात होता म्हणून ट्रेक वाचला. साठा दोन माणसांत वाटून घ्या हे डॉक्टरांनी बजावलं होतं, त्यांची मी आजही ऋणी आहे. त्या दिवसापासून पाऊच कोरडं करून सॅकच्या तळाशी आणि पेनं दिवसा थर्मलच्या आत, रात्री स्लीपिंग बॅगमध्ये.

आता सेन्सर. साखर दाखवणारा, चौदा दिवसांचा, दंडावर चिकटवायचा. खाली असताना त्याच्याशिवाय मी चाललेच नसते, चढावर चालता चालता साखर कुठे चाललीय ते दिसतं आणि वेळेत चिक्की तोंडात टाकता येते. पण त्याच्या माहितीपत्रकात ३,०४८ मीटरपर्यंतच वापरा असं लिहिलंय, म्हणजे मनांगच्याही खाली हद्द संपली. त्यावर तो चालत होता, पण मी त्याच्या आकड्यावर इन्सुलिन घेतलं नाही. थोरोंग फेदीला, म्हणजे खिंडीच्या पायथ्याच्या मुक्कामी, पहाटे त्याने साखर एकदम लो दाखवली, बोटातून रक्त घेऊन बघितलं तर १४२, म्हणजे लो नव्हतीच. एक तर मी त्याच दंडावर झोपले होते, दबावाने पण खोटा लो येतो, आणि थंडी वेगळीच. ग्लुकोमीटर पण गार पडला की एरर देतो, म्हणून तो आणि स्ट्रिप्स अंगाशी ठेवायच्या, बोटं गरम चहाच्या ग्लासावर शेकायची, नाहीतर रक्तच येत नाही.

सगळ्यात महत्त्वाचं मनांगमध्ये कळलं. संध्याकाळी डोकं दुखायला लागलं, मळमळ, हात थरथरत होते. साखर लो झाली की मला असंच होतं आणि उंची लागली तरी डोकेदुखी-मळमळ असतेच. तपासलं तर ६१, म्हणजे लो. ग्लुकोज घेतलं, पंधरा मिनिटांनी परत तपासलं, मग १२०. थरथर गेली, पण डोकं तसंच. म्हणजे दोन्ही एकदम होतं! तपासलं नसतं तर एकाचाच उपाय केला असता. दाई म्हणाले, "दिदी, बिस्तारै (हळूहळू), पहाड कहीं नहीं जाएगा." आम्ही दोन दिवस जास्त थांबलो. तिथे हिमालयन रेस्क्यू असोसिएशनचं मदतकेंद्र आहे, सीझनमध्ये उंचीच्या आजारावर माहिती देतात, ती जरूर ऐका. डायबेटिसवाल्यांनी तिथे आपलं आधी सांगावं, कारण उंचीच्या आजारात देतात त्या डेक्सामेथासोनने साखर खूप वाढते. डायमॉक्स (उंचीच्या आजारासाठीची गोळी) घ्यायचं की नाही हे निघायच्या आधीच आपल्या डॉक्टरांकडून ठरवून घ्या, वर जाऊन कुणाच्या सांगण्यावरून नको.

थोरोंग ला, ५,४१६ मीटर, पहाटे चारला निघून गाठला. वर रडले, खूप रडले. मग मुक्तिनाथपर्यंत दीड हजार मीटरहून जास्त उतार, आणि त्या रात्री झोपेत साखर घसरली. दमलेले स्नायू रात्रभर साखर ओढत राहतात, तेव्हा अशा दिवशी मी आता डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे रात्रीचा डोस कमी करते आणि अलार्म लावून एकदा उठून तपासतेच. मुक्तिनाथच्या १०८ धारांखाली हात धरला. आजीच्या देवघरातला शाळिग्राम खालच्या काली गंडकी नदीतला, तिच्यासाठी तिथूनच फोन लावला.

आठ महिन्यांत पाऊचचं झालेलं नुकसान: एका कोपऱ्याची शिवण उसवून दाणे बाहेर यायला लागलेत, आणि पावसाळी हवेत ओलंच कपाटात ठेवलं तर कुबट वास येतो, दर आठवड्याला पूर्ण वाळवावं लागतं. सेन्सरचा चिकटपणा घामाने तिसऱ्याच दिवशी सुटला होता, वरून कापडी टेप लावल्यावर टिकला. तरी पाऊच दुसरं मागवलंय, या वेळी चार पेनांचं, कारण मोठा साठा वाटून ठेवता येतो. सेन्सर मात्र प्रवासातच लावते, रोजच्यासाठी खर्च परवडत नाही.