भेटकार्डांच्या खिशासाठी हातकागद: घ्या, पण पाकळ्यांचा नको

आधीच सांगून टाकते. मुलांनी केलेली दिवाळीची भेटकार्डं लावायला भिंतीवरचा खिसा करायचा असेल, तर हातकागदाला, म्हणजे हाताने बनवलेल्या कागदाला, तोड नाही. महाग पडतो, पण पैसे वसूल होतात.

अप्पा बळवंत चौकातल्या एका दुकानातून मी तीन प्रकार आणले: पातळ पांढरट, मध्यम जाडीचा हळदी आणि झेंडूच्या पाकळ्या घातलेला. दुकानातले काका म्हणाले, "ताई, पाकळ्यांचाच न्या, दिवाळीत तोच खपतो." खपत असेल, आहेच देखणा. पण घडी घातली की नेमकी तिथे एखादी पाकळी येते, कागद उचलला जातो आणि पाकळी सुटून हातात येते. तो कार्डाच्या दर्शनी बाजूला शोभतो. पातळ कागद कार्डांच्या वजनाने वाकतो. खिशाला हळदीच बरा, दीडशे जीएसएमच्या (चौरस मीटरला दीडशे ग्रॅम वजनाच्या) आसपासचा.

ताव २२ बाय ३० इंचांचा येतो. त्याच्या लांबीत तीन पट्ट्या कापायच्या, प्रत्येक सात इंचांहून जरा रुंद. मग पट्टीला साडीच्या निऱ्या घालतो तशा तीन आडव्या निऱ्या, तीन-तीन इंच खोल, तोंड वर. एका निरीत सहा इंच कागद खर्ची पडतो. म्हणजे तीसमधले अठरा गेले आणि बारा इंच उंचीचा, तीन कप्प्यांचा खिसा तयार. पाच बाय सातचं कार्ड उभं ठेवलं की वरचे चार इंच छान दिसतात. कडांना घोटीव कागदाची पट्टी चिकटवायची, झालं. एका तावात तीन खिसे, त्यामुळे किमतीचंही फार वाटत नाही.

खरी गंमत घडीत आहे. रिफिल संपलेल्या बॉलपेनने फूटपट्टीच्या कडेने रेघ दाबून ओढली की हा कागद निमूट दुमडतो. चकचकीत रंगीत कार्डशीट दुमडली तर घडीवर पांढरी चीर पडते. शिवाय यंत्रावरचा कागद एका बाजूने सरळ दुमडतो, दुसऱ्या बाजूने कुरकुरतो. हातकागदाला तसं उभं-आडवं फारसं नसतं. सुती चिंध्यांच्या लगद्याचा असतो ना, चिवटपणा तिथून येतो. पुण्यात शिवाजीनगरला के. बी. जोशींनी १९४० साली सुरू केलेली हातकागद संस्था आहे. या कागदाची ओढ असेल तर तिथे एक चक्कर माराच.

खोट काढायची तर एकाच रंगाचे दोन ताव सारख्या जाडीचे निघतीलच असं नाही, बोटांनी चाचपून घ्या. पांढरा डिंक सढळ हाताने लावला की कागद पाणी पितो आणि वाळल्यावर पोपडा धरल्यासारखा फुगतो. दोन्ही बाजूंनी चिकटणारी टेप वापरा. जेलपेनची शाईही पसरते, नावं घालायची तर आधी तुकड्यावर लिहून बघा.

आणि दुकानात तावाची बारीक गुंडाळी करून रबर लावू देऊ नका, कडेला वळ उठतो तो जात नाही. वर्तमानपत्रात सैल गुंडाळून मागा. काका कुरकुरतात, पण देतात.