शिंकांची गोळी किती वाजता घ्यायची: सात महिन्यांचा अनुभव

मी नागपूरच्या गांधीबागेत ठोक कापडाच्या दुकानात हिशेब पाहते. सकाळी अकराला गाठी सुटल्या की ताग्यांवरची बारीक लव उडते आणि माझ्या शिंका सुरू होतात. एका दमात पंधरा-वीस. टाळूला आतून खाज, डोळ्यांना पाणी. ऑक्टोबरात दिवाळीच्या मालासोबत हे इतकं वाढलं की मी वहीच्या मागच्या पानावर लिहायला लागले: गोळी किती वाजता घेतली, शिंका किती वाजता थांबल्या. आता एप्रिल संपत आला. चार पानं भरलीत, त्यांवरूनच हे लिहिते आहे.

सुरुवात सेटिरिझिन १० मिलिग्रॅमपासून. शिंका लागल्यावर घेतली तर मला थांबायला पन्नास मिनिटं ते तासभर लागायचा. कामाला लागली की मात्र पक्की, दुसऱ्या दिवशीपर्यंत पुरायची. त्रास झोपेचा. दुपारी तीनच्या सुमारास डोळे मिटायचे, आणि नोव्हेंबरात एका व्यापाऱ्याची जमेची रक्कम मी नावे टाकली. तेव्हापासून ती रात्री साडेनऊला घ्यायला लागले. झोप रात्रीच्या झोपेत जिरली आणि सकाळी अकराला, नेमकी गाठी सुटताना, गोळी अंगात हजर. हा एक बदल मला सगळ्यात जास्त कामी आला. ही औषधं शरीरातलं हिस्टामिन, म्हणजे शिंका-खाज आणणारं द्रव्य, संपवत नाहीत, ते जिथे जाऊन चिकटतं ती जागा धरून बसतात. जागा आधीच धरलेली असली तर शिंका सुरूच होत नाहीत.

लोराटाडिन तीन आठवडे घेतली. झोप नाही, पण सावकाश. दोन-अडीच तासांनी फरक कळायचा. रोज नेमाने घेणाऱ्याला चालेल, अडल्या वेळी नाही.

मग मेडिकलवाल्या दादांनी फेक्सोफेनाडिन १२० दिली. "घेऊन पाहा न ताई, हिनं झोप नाही येत." खरंच नाही आली. तासाभरात आराम, दिवसभर डोकं स्वच्छ. पण डिसेंबरात मधूनच एखाद्या दिवशी गोळी घेतलीच नाही असं वाटायचं. वही उलटून पाहिली तर त्या प्रत्येक दिवशी मी गोळी दुकानासमोरच्या गाडीवरच्या संत्र्याच्या रसासोबत घेतली होती. संत्र्याचा हंगाम, गाडी समोर, पाण्याऐवजी रसच हातात असायचा. घरी येऊन डब्यातला कागद उघडला तर स्पष्ट छापलेलं: फळांच्या रसासोबत घेऊ नये. आतड्यातून ही गोळी रक्तात नेणारी जी वाट आहे, तीच संत्र्या-सफरचंदाचा रस अडवतो, आणि बराच भाग तसाच बाहेर जातो. ॲल्युमिनियम-मॅग्नेशियमच्या ॲसिडिटीच्या औषधाचंही तसंच. नागपुरात राहणाऱ्यांनी हे नक्की लक्षात ठेवा. आता गोळी सकाळी साडेनऊला साध्या पाण्याने आणि रस दुपारी जेवणानंतर. तेव्हापासून एकही दिवस वाया गेला नाही.

चोंदलेल्या नाकाला मात्र यातली एकही गोळी फारशी उपयोगी पडली नाही. जानेवारीत नाक मोकळं करायचे थेंब आणले. पाच-दहा मिनिटांत श्वास मोकळा, म्हणून बारा दिवस टाकत राहिले. पाच दिवसांपुढे टाकायचे नसतात हे मला कुणी सांगितलं नव्हतं. थेंबांचा असर उतरला की नाक आधीपेक्षा घट्ट बंद व्हायचं. शेवटी कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे गेले. त्यांनी थेंब बंद करून फ्लुटिकासोनचा स्प्रे दिला. पहिले तीन-चार दिवस काहीच वाटत नाही, तिथे सोडू नका. मला सहाव्या दिवशी रात्री तोंड मिटून झोपता आलं.

मार्चमध्ये कूलर काढला. दरवर्षी ताट्यांतलं जुनं गवत ओढताना माझा दिवस जायचा. या वेळी आठला गोळी घेतली, साडेनऊला नाकावर ओला दुपट्टा बांधून गच्चीवर गेले. मातीने करकरीत झालेलं गवत तुटून हातात येत होतं, पिवळी धूळ कोपरापर्यंत चढली होती. पंप धुऊन, नवीन ताट्या बसवून खाली उतरेपर्यंत फक्त दोन शिंका.

डॉक्टरांनी आता कातडीवरची ॲलर्जीची चाचणी सांगितली आहे, नक्की कशाने होतं ते कळायला. त्याआधी सात दिवस गोळी बंद, नाहीतर हातावर गांधी उठत नाही आणि चाचणी खोटी येते. स्प्रे चालतो. आज बंदचा चौथा दिवस. गाठी मागच्या अंगणात सोडायला लावते आहे. तरी आजच्या रकान्यात संध्याकाळपर्यंत ३१ शिंका लिहिल्या आहेत.