टीपी-लिंक ईएपी२२५: अभ्यासिकेतला तीन महिन्यांचा अनुभव

सदाशिव पेठेत माझी अभ्यासिका आहे. दोन मजले, ६८ टेबलं, बहुतेक मुलं-मुली एमपीएससीच्या तयारीतली. नेट म्हणजे केबलवाल्याने काउंटरमागे बसवून दिलेला राउटर. वर गेलं की रेंजची एकच दांडी. अर्ज भरायच्या शेवटच्या दिवशी मुलं धावत खाली यायची, "काकू, साइट चालू आहे, आपलं वाय-फायच गेलंय!"

पण मी ईएपी२२५ खरेदी केले ते रेंजसाठी नाही. एका संध्याकाळी माझ्या ऑफिसच्या प्रिंटरमधून कुणाची तरी ४० पानांची टिपणं आपोआप बाहेर पडायला लागली. तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. मुलांचं वाय-फाय, माझा प्रिंटर, फीचा हिशेब असलेला कॉम्प्युटर आणि सीसीटीव्हीचं चित्रण साठवणारा डीव्हीआर, सगळं एकाच नेटवर्कवर. आणि पासवर्ड दोन वर्षं नोटीस बोर्डावर. मुलींच्या हॉलमधले कॅमेरेसुद्धा त्याच डीव्हीआरला आहेत. त्या रात्री मला झोप लागली नाही.

मग प्रत्येक मजल्यावर एक याप्रमाणे दोन ईएपी२२५ घेतले. पांढऱ्या थाळीसारखा ॲक्सेस पॉइंट, म्हणजे वाय-फाय पसरवणारं यंत्र, छताला बसतो. पीओई असल्यामुळे लॅन केबलमधूनच वीज जाते, छताजवळ प्लग काढावा लागत नाही. केबल मात्र शुद्ध तांब्याची मागा. तांब्याचा मुलामा दिलेल्या ॲल्युमिनियमच्या केबलमध्ये लांब अंतरावर व्होल्टेज पडतं.

सेटिंग मी स्वतः केलं, टीपी-लिंकच्याच ओमाडा ॲपवरून. सगळे ॲक्सेस पॉइंट एकत्र चालवणारा वेगळा कंट्रोलर घ्यावा लागत नाही, दोन नगांना तर मुळीच नाही. पहिलं काम लॉगिन बदलायचं, कारण कंपनीचं 'ॲडमिन' हे नाव आणि हाच पासवर्ड जगाला माहीत आहे. मग वाय-फायची दोन नावं तयार केली, एक ऑफिसचं, एक मुलांचं. मुलांच्या नावासमोर 'गेस्ट नेटवर्क'वर टिक केली. या एका टिकेसाठी मी पैसे मोजले असं समजा. त्यामुळे मुलांना इंटरनेट मिळतं, पण आतली यंत्रं दिसत नाहीत. टिक करून गप्प बसू नका. मी माझा फोन मुलांच्या वाय-फायला जोडून प्रिंटरचा आणि डीव्हीआरचा पत्ता ब्राउझरमध्ये टाकून पाहिला. दोन्ही उघडले नाहीत, तेव्हा कुठे जीव भांड्यात पडला.

सिक्युरिटी (वाय-फायच्या कुलुपाचा प्रकार) डब्ल्यूपीए२, एन्क्रिप्शन (माहिती सांकेतिक करायची पद्धत) एईएस. त्याच्या पुढचं डब्ल्यूपीए३ २०१८ सालीच आलं, पण गावाकडून आलेल्या मुलांचे फोन जुने असतात, त्यांना ते झेपत नाही. म्हणून मी पासवर्ड लांब ठेवला आणि दर महिन्याला फीच्या पावतीवर नवा लिहून देते. महिना संपून गेलेल्यांचे आणि शेजारच्यांचे फोन आपोआप गळतात.

केबलवाल्याच्या राउटरचं वाय-फाय पूर्ण बंद केलं. त्यावर डब्ल्यूपीएस (पासवर्डऐवजी पिनने वाय-फायला जोडायची सोय) चालूच होतं. त्याचा आठ आकडी पिन एकेक आकडे लावून फोडता येतो हे २०११ सालापासून माहीत आहे, तरी बसवणाऱ्या माणसाने ते बंद केलं नव्हतं. याचा मला खरंच राग आला. माझ्यासारख्या किती जणांच्या घरी ते आजही तसंच चालू असेल!

वाय-फायच्या २.४ गिगाहर्ट्झ पट्ट्यावर वरच्या मजल्याला चॅनल १, खालच्याला ११, रुंदी २० मेगाहर्ट्झ. पेठेत भिंतीला भिंत लागून घरं, त्यामुळे हवेत गर्दी फार. ४० मेगाहर्ट्झ ठेवलं की शेजाऱ्यांशी टक्कर होते. ट्रान्समिट पॉवरही कमी केली, नाहीतर वर गेलेला फोन खालच्यालाच चिकटून राहतो. दर फोनला ५ एमबीपीएसची मर्यादा घातली. लेक्चर बघायला तेवढी पुरते, आणि एकाने गेम डाउनलोडला लावला तरी बाकीच्यांचं अडत नाही.

हा वाय-फाय ५ चा, म्हणजे आधीच्या पिढीचा नग आहे. घरी एक-दोन माणसांना तुफान वेग हवा असेल तर वाय-फाय ६ चं काहीतरी बघा. आमच्याकडे एका मजल्यावर तीसेक फोन आणि दहा-बारा लॅपटॉप असतात, तेवढं हा आरामात ओढतो. परवा अर्जाची शेवटची तारीख होती. रात्री दहापर्यंत दोन्ही हॉल भरलेले होते, आणि काउंटरवर मुलं आली ती फक्त प्रिंट सांगायला.