फोल्डस्कोप घ्यावा का? सोलापुरातून एक रिव्ह्यू

पोरगी आठवीला, सायन्सचं लई वेड, म्हणून हा कागदी मायक्रोस्कोप मागवला. स्टॅनफर्डच्या मनु प्रकाश यांच्या टीमने काढलेला, घड्या घालून आपणच जोडायचा, आत काचेची बारकी गोल लेन्स आणि 140 पट मोठं दिसतं. दिसायला लग्नपत्रिका वाटते पण सिद्धेश्वर तलावाच्या हिरव्या पाण्याचा थेंब स्लाइडवर टाकून उजेडाकडे धरला तर शेवाळाचे हिरवे धागे आणि मधूनच सुळकन पळणारं काहीतरी, पोरगी जागची हलेना! कांद्याचा पापुद्राही भारी दिसतो.

त्रास एकच, डोळा पार टेकवावा लागतो, चष्मेवाल्यांनी चष्मा काढा. मोबाईलला मॅग्नेटने चिकटवला की सगळ्यांना बघता येतं. विक्रेत्याचं पॅकिंग मात्र भिकार, कोपरा दुमडूनच आला.

पैसे बायकोच्या लाडकी बहीणच्या 1500 मधून, डायरेक्ट खात्यात येतात, कुणाच्या हातापाया पडायला नको. फक्त एक बघा, पैसे आधार ज्या बँकेला शेवटचं लिंक केलंय तिथंच जातात, शेजारच्या काकू जुनंच पासबुक भरून आणत होत्या आणि रक्कम भलत्याच बँकेत. महाडीबीटीवर स्कॉलरशिपचा फॉर्म भरणाऱ्या पोरांनी पण हे आधी चेक करा.

शाळेतल्या मोठ्या मायक्रोस्कोपची सर याला नाही, पण तो कपाटात कुलूपबंद असतो ना राव. पाचपैकी चार स्टार, एक पॅकिंगचा कापला.