केमोनंतरचा विग: मेन रोडलगतच्या गल्लीतलं दुकान

पहिल्या केमोनंतर 17व्या दिवशी वेणी घालताना केसांचा पुंजकाच हातात आला. दुसऱ्या दिवशी जाऊबाईंनी मशीन फिरवलं.

विगसाठी नाशिकला मेन रोडलगतच्या या दुकानात गेले. बाईंनी आधी पडदा ओढला, मगच स्कार्फ काढायला सांगितला. तिथेच माझा जीव भांड्यात पडला. सिंथेटिक विग हलका आणि स्वस्त, पण गॅसच्या धगीने त्याचे केस आकसतात, हे त्यांनी आपणहून सांगितलं. मी रोज भाकऱ्या करते, म्हणून खऱ्या केसांचा घेतला, महाग पडला तरी. आतली जाळी मऊ आहे, टाळूला टोचत नाही. पण एप्रिलच्या उन्हात खाली सुती टोपी लागतेच.

तक्रार एकच. भांग मधोमध होता, माझा डावीकडे. बदलून द्यायला तीन आठवडे लावले. पुतणीच्या लग्नात डोक्यावरून पदर घेऊन वावरले, त्याचं फार वाईट वाटलं.

शेवटची केमो होऊन चार महिने झाले. बोटाच्या पेराएवढे केस आलेत. पूर्वी सरळसोट होते, आता कुरळे. डॉक्टर म्हणाले, असं होतं. परवा विग धुवायला दिला, तर बाईंनी माझ्या डोक्यावरून हात फिरवला. "ताई, किती दाट येतायत!" धुण्याचे पैसे घेतले नाहीत.